उणे एक अँप्यूल

आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ट्यूशन क्लास चालतो. खाली स्कूटर लावता लावता तिथल्या मुली मला विचारतात, "काकू, तुम्ही कंपनीत काय होतात?" मी सांगते, "खराब माल शोधणारी." त्या हसतात. मग मी विचारते, "शंभर नग पाहिले आणि तीन खराब निघाले, तर माल वाईट की नशीब वाईट?" इथे मात्र त्या हसायच्या थांबतात, कारण नेमका हाच धडा त्यांच्या पुस्तकात असतो आणि कुणालाच आवडत नाही. मला आवडतो. माझी एकतीस वर्षं त्याच एका प्रश्नावर गेली.

सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी होते. इंजेक्शनचं औषध ज्यात भरतात ती काचेची छोटी कुपी, म्हणजे अँप्यूल, आम्ही रिकामी बनवून द्यायचो. काचेची लांब नळी येते, मशीनवर फिरते, ज्योतीवर तापते, मान ओढली जाते, बूड बसतं. ज्योत कमीजास्त झाली की मान वाकडी, बूड जाड, नाहीतर बारीक तडा. ज्योत सांभाळायची ती मशीनवरच्या बाईने. अशी बारा मशीनं, बारा बायका, बहुतेक गुजराती बोलणाऱ्या. रोज प्रत्येक मशीनच्या मालातून शंभर अँप्यूल काढायच्या, दिव्यासमोर काळ्यापांढऱ्या फळीपुढे धरून बघायच्या, आणि खराब किती ते लिहायचं. ते काम आमच्या टेबलाचं. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी एकेक नग वेगळा तपासला जायचाच, त्यामुळे काळजी नको. हे शंभर होते ते मशीनची आणि बाईची तब्येत बघायला.

मी दहावी पास. गणित शाळेत जेवढं झालं तेवढंच. पण टेबलावर बसून दोनेक वर्षांत एक गोष्ट मला छळायला लागली. मशीन तेच, बाई तीच, नळी तीच, तरी आज शंभरात आठ खराब, उद्या तेरा, परवा दहा. साहेब तेराला ओरडायचे आणि आठला शाबासकी द्यायचे. बाई बिचारी दोन्ही दिवशी एकसारखंच काम करून घरी जायची. मग हे तीन-चार नग येतात कुठून आणि जातात कुठे?

न्यायमंदिराजवळ जुनी पुस्तकं विकायला बसायचे तिथे एक इंग्रजी पुस्तक मिळालं, मागचा पुठ्ठा गेलेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. एका पानाला कधी कधी आठवडा लागला. पण जे कळलं ते इतकं साधं होतं की मला राग आला, हे आधी कुणी का नाही सांगितलं!

तुम्हालाही सांगते. एकेक अँप्यूल उचलायची, ती चांगली किंवा खराब, तिसरं काही नाही. किती उचलायच्या ते आधी ठरलेलं, शंभर. प्रत्येक अँप्यूल खराब असण्याची शक्यता सारखी. आणि एक खराब निघाली म्हणून पुढची खराब निघेल असं नाही, एकीने दुसरीचा हात धरलेला नसावा. एवढ्या चार गोष्टी जमल्या की शंभरात शून्य, एक, दोन, दहा, वीस खराब निघायची शक्यता किती, हे कागदावर मांडता येतं. त्याला द्विपद वितरण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट हलकी आहे.

चौथी अट मी मार खाऊन शिकले. सुरुवातीला मी खोक्याच्या वरच्या थरातून ओळीने शंभर उचलायची, कारण हात तिथे सहज पोचायचा. एकदा चोवीस खराब निघाल्या. मशीन बंद करवलं, अर्धा दिवस गेला. नंतर कळलं की एकच काचेची नळी वाईट होती आणि तिच्यातून निघालेल्या अँप्यूल शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी सगळ्या बहिणींना एकदम उचललं होतं! त्या दिवसापासून खोक्याच्या तळातून, कोपऱ्यातून, मधून, अशा उचलायला लागले. मशीनवरच्या बायका म्हणायच्या, "कुंदाबेन खोक्यात काय हरवलंय ते शोधतात."

आता डोंगराचं सांगते. त्या काळी आमच्याकडे दहा टक्के खराबी असायची, काही लपवत नाही. म्हणजे शंभरात सरासरी दहा. मी वर्षभराचे आकडे घेतले आणि वहीत चौकोन भरत गेले. दहा निघाले की दहाच्या घरावर एक चौकोन, अकरा निघाले की अकराच्या. वर्षाअखेरीला वहीत डोंगर उभा राहिला. मधे उंच, दोन्हीकडे सारखी उतरण, अगदी काढल्यासारखी. पुस्तकात लिहिलंच होतं की असं होतं, आणि झालं की शंभर शंभर गुणाकार करत बसायला नको, डोंगराचं सोपं सूत्र वापरा. सरासरी दहा. पसारा किती, तर शंभर गुणिले दहा टक्के गुणिले नव्वद टक्के, म्हणजे नऊ, त्याचं वर्गमूळ तीन. त्याची दुप्पट धरायची, म्हणजे दहाच्या इकडे सहा, तिकडे सहा. चार ते सोळा निघाले तर गप्प बसा, हे नेहमीचंच आहे. सतरा निघाले तरच मशीनकडे जा. चांगल्या मशीनवर सतरा किंवा जास्त निघण्याचा प्रसंग शंभर दिवसांत दोनदा येईल, त्याहून जास्त नाही.

मी हे एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य लिहून टेबलामागच्या भिंतीला लावलं. आरडाओरडा थांबला. तेरा निघाले की मी बोट दाखवायची, "सोळाच्या आत आहे, साहेब." एका दहावी पास बाईच्या पुठ्ठ्यावर कारखाना चालायचा. मला अभिमान वाटायचा, आजही वाटतो. पण त्या पुठ्ठ्यावर मी एक ओळ लिहिली नव्हती. माझ्या वहीत होती ती. पुठ्ठ्यावर मावली नाही म्हणून सोडली.

वर्षं गेली. नवी मशीनं आली, काच सुधारली, बायकांचे हात बसले. खराबी दहावरून पाचावर, पाचावरून एक टक्क्यावर आली. माझी निवृत्ती तीन वर्षांवर असताना एक तरुण मॅनेजर आले. पार्थसाहेब म्हणायचो आम्ही. हुशार, हसतमुख, अलकापुरीतल्या मोठ्या ऑफिसातून आलेले. त्यांनी माझा पुठ्ठा पाहिला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "वाह बेन, हे तर मी कॉलेजात शिकलो!" मी फुलून गेले. दोन दिवसांत त्यांनी ते सूत्र, सरासरी आताची एक धरून, कॉम्प्युटरच्या शीटमध्ये घातलं. रोजचा आकडा भरला की शीट आपोआप सांगणार, ठीक की लाल खूण. आणि नियम केला की महिन्यात तीन लाल खुणा पडल्या की ती बाई मशीनवरून उतरणार आणि खोकी बांधायला जाणार.

पहिल्या महिन्याच्या विसाव्या दिवशी मंजुळा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सात नंबर मशीनची मंजुळा, सावलीच्या पुढच्या गावची. एकोणीस वर्षं ज्योत लावायची. ज्योतीच्या आवाजावरून गॅस कमी झाला हे ओळखणारी बाई. तिने आपला उजवा पंजा माझ्यापुढे धरला.

"कुंदाबेन, मारो हाथ बगडी गयो छे?"

"हात कशाने बिघडेल? काय झालं गं?"

"दोन लाल झाल्या. आज परत तीन खराब निघाल्या, म्हणजे तिसरी लाल."

आता मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, "ज्योत नीट बघ. आणि चष्म्याचा नंबर तपासून घे, वय झालं आपलं." सूत्र माझं होतं ना! सूत्र चुकेल हे माझ्या मनातही आलं नाही. एकोणीस वर्षांच्या हातावर शंका आली, पण पुठ्ठ्यावर नाही आली.

तिने खरंच डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम. मग ती आणखी घाबरली. डोळे चांगले म्हणजे हातच गेला, असा तिने हिशोब लावला. दर दोन मिनिटांनी ज्योत खालीवर करायला लागली. जेवताना बोलेनाशी झाली. महिना संपला तेव्हा बारापैकी चार बायकांना तीन किंवा जास्त खुणा होत्या, आणि त्या चारांत मंजुळा होती. पार्थसाहेब म्हणाले, "सोमवारपासून बदली." मंजुळाने शनिवारी एप्रनची घडी केली, मशीनवर ठेवली, आणि कुणाला काही न सांगता घरी गेली. तिची शेजारीणही आमच्याकडेच कामाला; ती सोमवारी बसमध्ये म्हणाली, "ती नाही येणार. खोकी बांधताना बाकीच्या बघतील, ते तिला नको."

चारांची नावं मी पुन्हा पुन्हा वाचली. चौघी जुन्या, चांगल्या. एकदम चार हात कसे बिघडतील? मग मी केलं ते जे महिन्याभरापूर्वी करायला हवं होतं. कागद-पेन्सिल घेतली आणि सूत्र हाताने मांडलं. सरासरी एक. शंभर गुणिले एक टक्का गुणिले नव्याण्णव टक्के, म्हणजे एकाला किंचित कमी. वर्गमूळही तितकंच. वरची मर्यादा तीनाला किंचित कमी. म्हणून तीन निघाले की लाल. बरं. आणि खालची मर्यादा? एक वजा दोन. उणे एक.

उणे एक अँप्यूल खराब! मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. उणे एक खराब अँप्यूल म्हणजे काय? शंभर चांगल्या आणि वर एक जास्त चांगली?

मी शीट उघडायला लावली. तिथे खालची मर्यादा शून्य दिसत होती. पार्थसाहेब सहज म्हणाले, "ते उणे येत होतं, विचित्र दिसतं, म्हणून मी सांगून ठेवलंय की उणे आलं तर शून्य दाखव."

घरी येऊन वही काढली. ती ओळ तिथेच होती, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेली: सरासरी पाचाच्या खाली गेली तर डोंगराचं सूत्र लावू नये. बरोबरच आहे. सरासरी दहा असताना डोंगराला दोन्ही बाजूंना पाय पसरायला जागा होती. सरासरी एकावर आल्यावर डावीकडे शून्याची भिंत आली. शून्यापेक्षा कमी खराब कशा निघणार? मग डोंगर भिंतीला टेकला आणि सगळी उतरण उजवीकडे लांबली. म्हणजे आमचा माल सुधारला म्हणून माझं सूत्र बिघडलं. वाईट काळात बरोबर होतं ते चांगल्या काळात चुकलं, आणि त्याची शिक्षा ज्यांनी माल सुधारला त्यांना.

मग सोपं सूत्र बाजूला ठेवलं आणि मुळातला गुणाकार केला. शून्य पूर्णांक नव्याण्णव शंभर वेळा मांडून एकमेकांशी गुणलं की शंभराच्या शंभर चांगल्या निघायची शक्यता येते. कॅल्क्युलेटरवर तुम्हीही करून बघा. शंभरांतले सुमारे सदतीस दिवस एकही खराब नाही. सदतीस दिवस एक. अठरा दिवस दोन. आणि उरलेले आठ दिवस तीन किंवा जास्त. सूत्र म्हणत होतं शंभरात दोन-अडीच दिवस, खरे आठ! आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अगदी चांगल्या हाताच्या बाईलाही तीन लाल खुणा पडायची शक्यता तीनात एक. पार्थसाहेबांच्या समजुतीने ती शंभरात दोन होती. बारा बायकांत तीनात एक म्हणजे किती? चार. बरोबर चार निघाल्या होत्या.

पण गुणाकार दाखवून कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्या मेंटेनन्सच्या ठाकोरभाईंकडून मी एका लाकडी फळीला ड्रिलने शंभर खळगे पाडून घेतले, दहा आडव्या ओळी, दहा उभ्या रांगा, एका खळग्यात एकच वाटाणा बसेल एवढे. पांढरे वाटाणे आणले चार किलोला चाळीस ग्रॅम कमी, आणि हिरवे वाटाणे चाळीस ग्रॅम. दोन्ही एका मापाचे बघून घेतले, म्हणजे शंभरात एक हिरवा. पत्र्याच्या डब्यात ओतले, ढवळले.

आमचे हे म्हणाले, "इतके वाटाणे? पाहुणे येणार आहेत का?"

"बारा बायका येणार आहेत. तुम्ही लिहायला बसा."

त्या आठवड्याच्या रविवारी जेवण झाल्यावर सुरुवात केली. फळी डब्यात बुडवायची, वर काढून हलवायची, शंभर वाटाणे खळग्यात बसतात, हिरवे मोजायचे, तीन किंवा जास्त असले तर लाल खूण करायची, परत ओतायचे, ढवळायचं. मशीन नंबर एकच्या नावाने पंचवीस वेळा, दोनच्या नावाने पंचवीस वेळा. तीनशे बुड्या मारल्या. हे रेल्वेच्या मालऑफिसात होते, खुणा करायची सवय, पण शेवटी शेवटी तेही म्हणाले, "कुंदा, मला स्वप्नात हिरवे दिसणार." एकाच डब्यातल्या बारा बायका, कुणाचाच हात वाईट नाही, हातच नाही मुळी. तरी पाच जणींना तीन खुणा पडल्या!

सोमवारी डबा आणि फळी पार्थसाहेबांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी स्वतः करून बघतो." पंचवीस बुड्या मोजून मारल्या. दोनच खुणा पडल्या. ते हसले, "जुओ बेन, मी तर पास."

पण हेच तर माझं काम होतं आयुष्यभर. मी म्हणाले, "साहेब, तीनात एक अडकतो म्हटलं होतं. तुम्ही उरलेल्या दोघांतले निघालात. एका खेळीवर मी हरत नाही आणि तुम्ही जिंकत नाही. आणखी दोन जणींच्या नावाने काढा."

त्यांनी काढल्या. दुसरीही सुटली. तिसरी होती मशीन नंबर दोनची बाई, जिच्या कामाकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. सतराव्या बुडीला तिची तिसरी लाल खूण पडली. पार्थसाहेब फळीकडे बघत राहिले. मग कॉम्प्युटरकडे वळले आणि शीटमध्ये मुळातला हिशोब घातला. आठ टक्के आला, तेव्हा म्हणाले, "बेन, हे मी कॉलेजात शिकलो होतो. अट पण शिकलो होतो."

"मीसुद्धा," मी म्हणाले. "पुठ्ठ्यावर लिहिली नाही."

बदल्या त्याच दिवशी रद्द झाल्या. चार किंवा जास्त निघाल्या तरच खूण, आणि खूण पडली की त्याच दिवशी दुसऱ्या शंभर बघायच्या, असं ठरलं. तिघी मशीनवर परत उभ्या राहिल्या. मंजुळाच्या घरी फोन लावला, तिने घेतला नाही.

मंगळवारी मी डबा आणि फळी घेऊन बसने तिच्या गावी गेले. चार किलो वाटाणे मांडीवर, कंडक्टर मला म्हातारी समजून विचारतो, "माजी, काय विकायला?" मंजुळा ओसरीवर मेथी निवडत होती. "आवो, बेसो," म्हणाली, पण डोळे मेथीवर.

मी म्हणाले, "मंजुळा, चूक माझी होती. तुला डोळे तपासायला पाठवलं, ती तर त्याहून मोठी चूक."

"त्या वेळी तुमचा कागद म्हणाला हात वाईट. आता दुसरा कागद म्हणतो हात चांगला. मी कुठला मानू?"

"कागद मानू नकोस. ही फळी घे."

तिने बुडवली. शून्य. एक. एक. शून्य. दोन. कंटाळून ठेवणार होती, तेवढ्यात नवव्या बुडीला चार हिरवे आले. तिने फळी तशीच धरून ठेवली. मग आपला पंजा उलटा करून बघितला.

"यात तुझा हात कुठे बिघडला, सांग."

मग तिने जे विचारलं, ते मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. "मग एकोणीस वर्षं माझं नाव चांगलं होतं, ते पण असंच? वाटाण्यासारखं?"

डब्यात हात घालून मी वाटाणे ढवळत बसले, आणि ढवळताना उत्तर सुचलं. "मंजुळा, तू लागलीस तेव्हा हा डबा आणला असता, तर यात शंभरात दहा हिरवे असते. आज एक आहे. नऊ कुणी वेचून काढले? थोडे मशीनने, थोडे काचेने. पण बाकीचे तू ज्योत लावून लावून काढलेस. फळीत आज किती येतात, ते कुणाच्या हातात नाही. डबा मात्र तुझा आहे."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली आणि पुन्हा फळी बुडवली, मग पुन्हा. बसची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "डबा राहू द्या. मला अजून बघायचंय." मला वाटलं, ही येणार नाही. माझी फळी गेली आणि चार किलो वाटाणेही गेले, असा विचार करत घरी आले.

गुरुवारी सकाळी सात नंबर मशीनवरची ज्योत निळी, सरळ उभी होती. मंजुळाने माझ्याकडे पाहिलं नाही, ती आवाज ऐकत होती. दुपारी जेवायला मात्र माझ्या समोर येऊन बसली आणि डबा उघडला. वाटाण्याचं शाक, भरपूर तेलाचं, वर कोथिंबीर. चमच्याने चाळवत चाळवत तिने एक हिरवा वाटाणा शोधून काढला आणि माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला.

"खराबवाला तुमचा, कुंदाबेन," ती म्हणाली. "तुम्हीच शोधता ना?"